राऊटरवर एक पत्ता, बाहेर दुसराच: नॅट, सीजीनॅट आणि न दिसणारा डीव्हीआर

तुमचा प्रश्न मला असा समजला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप आहे आणि गोकुळ शिरगावला गोडाऊन. दोन्हीकडे फायबर घेतलंय. शॉपमध्ये कॉम्प्युटर, मोबाईल, प्रिंटर, हजेरीचं मशीन अशी तीसेक उपकरणं एकाच कनेक्शनवर बिनबोभाट चालतात. गोडाऊनच्या डीव्हीआरसाठी, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यासाठी, मात्र पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्याला ठरलेल्या उपकरणाकडे वळवायची राऊटरमधली सोय) करूनही तो बाहेरून उघडत नाही. राऊटरच्या पानावर १००.८६ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाइटवर वेगळाच दिसतो. शेवटी तुम्ही लिहिलंय, "नेट तर पळतंय की, मग डीव्हीआरच का दिसंना?"

तीस उपकरणं ज्या युक्तीने एका पत्त्यावर चालतात, त्याच युक्तीने तुमचा डीव्हीआर अडवलाय. तिला नॅट (नेटवर्क अॅड्रेस ट्रान्सलेशन, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल) म्हणतात. तेव्हा आधी ती युक्ती नीट बघू.

शॉपमधल्या हिशेबाच्या कॉम्प्युटरचा आतला पत्ता समजा १९२.१६८.१.२० आहे. त्याने १९८.५१.१००.७ या पत्त्यावरच्या वेबसाइटला पॅकेट पाठवलं. पॅकेटच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, पाठवणाऱ्याचा पोर्ट, घेणाऱ्याचा पत्ता आणि घेणाऱ्याचा पोर्ट असं सगळं असतं. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावरची वेगवेगळी बोलणी ओळखायचा आकडा. घेणाऱ्याचा पोर्ट ४४३, कारण सुरक्षित वेबसाइट तिथे ऐकते. पाठवणाऱ्याचा पोर्ट कॉम्प्युटर स्वतःच मोकळ्या आकड्यांतून उचलतो, समजा ५१५१४. आता १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता जगात लाखो घरांत आहे, त्यामुळे बाहेरच्या इंटरनेटवर त्याला उत्तर पाठवताच येत नाही. म्हणून राऊटर पॅकेट बाहेर सोडताना पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा सार्वजनिक पत्ता लिहितो, समजा २०३.०.११३.४५. पोर्टही बदलून ४००१२ करतो. पत्ता बदलला की चेकसमही, म्हणजे पॅकेट वाटेत बिघडलं नाही ना हे तपासायच्या बेरजाही, बदलाव्या लागतात, आयपीची एक आणि टीसीपी किंवा यूडीपी या पॅकेट पाठवायच्या दोन पद्धतींपैकी जी असेल तिची एक, कारण टीसीपी-यूडीपीच्या बेरजेत पत्तेही धरलेले असतात. मग राऊटर आपल्या टेबलमध्ये, म्हणजे तक्त्यात, एक नोंद करतो: बाहेरचा ४००१२ म्हणजे आतला १९२.१६८.१.२०, पोर्ट ५१५१४, आणि बोलणं चाललंय १९८.५१.१००.७ शी. उत्तर ४००१२ वर आलं की तो टेबल बघतो, पत्ता आणि पोर्ट उलटे बदलतो आणि पॅकेट आत देतो. कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नाही आणि वेबसाइटलाही नाही.

जिल्हा परिषदेतून पत्र बाहेर जातं तेव्हा नेमकं हेच होतं. पत्र कुठल्या टेबलावरच्या कारकुनाने लिहिलं हे बाहेरच्याला ठाऊक नसतं. लेटरहेड कार्यालयाचं, वर जावक क्रमांक. उत्तर देणारा ‘संदर्भ: आपले पत्र जा.क्र. अमुक’ असं लिहितो, आणि जावक वही उघडली की पत्र कुठल्या टेबलावर न्यायचं ते कळतं. पोर्ट म्हणजे हा जावक क्रमांक. संदर्भ नसलेलं पत्र आलं तर आवकवाला निदान कुणाला तरी विचारतो. राऊटर विचारत बसत नाही, पॅकेट टाकून देतो.

दोन उपकरणांनी योगायोगाने एकच पोर्ट उचलला तरी गोंधळ होत नाही, कारण बाहेरचा पोर्ट राऊटर ठरवतो. बरेच राऊटर जमेल तिथे आतलाच पोर्ट बाहेरही ठेवतात आणि टक्कर झाली तरच बदलतात. पिंगचं कसं होतं, असा प्रश्न चौकस माणसाला पडतो, कारण पिंगला पोर्ट नसतो. त्याच्या पॅकेटमध्ये ओळख-क्रमांकाचा एक रकाना असतो, राऊटर पोर्टच्या जागी तो वापरतो.

पोर्टचा आकडा १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. तीस उपकरणांना हे रग्गड झालं. शिवाय टेबलमध्ये समोरच्याचा पत्ताही लिहिलेला असल्याने काही राऊटर तोच बाहेरचा पोर्ट दोन वेगळ्या सर्व्हरसाठी एकाच वेळी वापरतात. प्रत्यक्षात स्वस्तातल्या राऊटरला पोर्ट कमी पडण्याआधी मेमरी कमी पडते. त्याचं लक्षण ओळखीचं आहे: चालू असलेला व्हिडिओ पळत राहतो, पण नवीन पान उघडत नाही, आणि राऊटर बंद-चालू केला की सगळं ठीक. लोक लाइनला नावं ठेवतात. टेबल भरलेलं असतं. कुणीतरी टोरेंट लावलेला असेल किंवा एखादं व्हायरस लागलेलं मशीन मिनिटाला शेकडो कनेक्शनं उघडत असेल, ते आधी शोधा.

टेबल साफ ठेवायला जुन्या नोंदी पुसाव्या लागतात, आणि निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. टीसीपीचं बोलणं कधी संपलं ते पॅकेटवरून कळतं. यूडीपीत सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, त्यामुळे राऊटर घड्याळ लावून बसतो. नॅटने कसं वागावं हे सांगणाऱ्या आरएफसी ४७८७ या २००७ च्या दस्तऐवजात (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात) यूडीपीची नोंद किमान २ मिनिटं ठेवा, शक्यतो ५, असं म्हटलंय. टीसीपीसाठी आरएफसी ५३८२ ने २ तास ४ मिनिटांचा किमान आकडा दिलाय. पाळतं कोण? लिनक्सवर चालणाऱ्या राऊटरमध्ये उत्तर न आलेल्या यूडीपीची नोंद मुळात ३० सेकंदांचीच असते. तुम्ही चहाला उठता, रिमोट डेस्कटॉप तसाच उघडा राहतो आणि परत येईपर्यंत तुटलेला असतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. वाटेतल्या कुठल्यातरी टेबलने तुमची नोंद पुसलेली असते आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नसतो.

हा सगळा उपद्व्याप का करावा लागला ते थोडक्यात सांगतो. आयपीची चौथी आवृत्ती १९८१ मध्ये लिहिली गेली आणि पत्ता ३२ बिटांचा ठरला. म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, सुमारे ४२९ कोटी. त्यातलेही बरेच राखीव. १९९० नंतर हे पुरणार नाहीत हे दिसू लागलं आणि मे १९९४ मध्ये केल्ड एगेव्हांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये नॅटची कल्पना मांडली. दूरचा उपाय तयार होईपर्यंतची तात्पुरती सोय, असं त्यांनी त्यातच म्हटलं होतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ आला आणि आतल्या वापराचे पत्ते पक्के झाले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. हे कुणीही कुठेही वापरावेत, बाहेर जाऊ देऊ नयेत. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकची संस्था एपनिक शेवटच्या गठ्ठ्यावर आली आणि प्रत्येक सदस्याला त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असा नियम लागला. २०१९ मध्ये तो ५१२ वर आला. भारतात हे पत्ते निक्सी या भारतीय इंटरनेट संस्थेच्या आयआरआयएनएन या नोंदणी विभागामार्फत मिळतात आणि तोही एपनिकच्याच छत्राखाली आहे.

आता नव्याने धंद्यात उतरणाऱ्या एखाद्या फायबरवाल्याचा हिशेब करा. हातात ५१२ पत्ते, ग्राहक हजारो. प्रत्येकाला एक सार्वजनिक पत्ता देणं त्याला शक्यच नाही. म्हणून तो स्वतःकडे एक मोठं नॅट बसवतो. यालाच सीजीनॅट म्हणतात. पहिले १,०२४ पोर्ट सोडले तर एका पत्त्यावर ६४,५१२ उरतात. प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टचा तुकडा दिला तर एका पत्त्यावर ६४ ग्राहक बसतात, आणि ५१२ पत्त्यांवर ३२,७६८. तुकडा लहान केला की ग्राहक वाढतात, आणि गर्दीच्या वेळी एखाद्या घराचे पोर्ट संपतात. तुकडा किती मोठा ठेवायचा हे ज्याने त्याने आपल्या ग्राहकसंख्येवरून ठरवायचं.

सीजीनॅटवाल्याने ग्राहकांना १० किंवा १९२.१६८ चेच पत्ते दिले तर ग्राहकाच्या घरातल्या पत्त्यांशी टक्कर होऊ शकते. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ ने १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवला. तुमच्या राऊटरवरचा १००.८६ त्याच पट्ट्यातला. म्हणजे तुमच्या पॅकेटचा पत्ता दोनदा बदलतो. तुमचा राऊटर १९२.१६८ चा १००.८६ करतो, आणि कंपनीचं नॅट १००.८६ चा सार्वजनिक पत्ता करतं. वेबसाइटला हा दुसरा दिसतो.

डीव्हीआरचं कोडं इथे सुटतं. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे टेबलमध्ये हाताने कायमची लिहिलेली नोंद: बाहेरून अमुक पोर्टवर कुणीही आलं, आधी आतून कुणी बोललेलं नसलं, तरी पॅकेट डीव्हीआरकडे द्या. ती नोंद तुम्ही तुमच्या राऊटरमध्ये केली आणि ती बरोबरच असेल. पण बाहेरून येणारं पॅकेट आधी कंपनीच्या नॅटवर पोचतं. तिथल्या टेबलमध्ये ही नोंद नाही आणि ते टेबल तुमच्या हातात नाही. तिथेच ते टाकून दिलं जातं. तुमच्या राऊटरपर्यंत ते येतच नाही, मग तुम्ही तिथे डीएमझेड (बाहेरून येणारं सगळं एकाच उपकरणाकडे देणारी सोय) लावा नाहीतर राऊटर बदला.

एक गोष्ट मात्र आधी तपासा, कारण उद्यमनगर काय नि शिरोली काय, मला ती सीजीनॅटपेक्षाही जास्त वेळा सापडते. कंपनीचा फायबरचा डबा स्वतःच राऊटर असतो. त्याच्यामागे आपण आपला वायफाय राऊटर लावतो, म्हणजे आपल्याच छपराखाली दोन नॅट झाले. त्यात दोघांचाही आतला पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर मागच्या राऊटरला दोन्ही बाजूंना एकच पट्टा दिसतो आणि काहीच धड चालत नाही. यावर दोन रस्ते आहेत. कंपनीकडून डबा ब्रिज मोडमध्ये घ्या, म्हणजे तो नॅट न करता लाइन नुसती पुढे देतो. नाहीतर मागच्या राऊटरचा डीएचसीपी (उपकरणांना आतले पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि वायर वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) खाचेऐवजी लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) खाचेत लावा, मग तो नुसता वायफायचा डबा म्हणून चालतो. तुमच्या बाबतीत १००.८६ दिसतोय म्हणजे तुम्ही बहुधा बाहेरच्याच राऊटरचं पान बघताय, पण गोडाऊनला जाऊन खात्री करा.

आणि चाचणी कधीही त्याच वायफायवरून करू नका. आतून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जायला राऊटरला पॅकेट वळवून परत आत आणावं लागतं आणि अनेक स्वस्त राऊटरना ते जमत नाही. नोंद बरोबर असून ‘चालत नाही’ असं वाटतं ते यामुळे. मोबाईलचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावरून बघा.

तुम्ही विचाराल, मग व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल दोन सीजीनॅटच्या आडून कसा लागतो? दोन्ही फोन आधी बाहेरच्या एका सर्व्हरशी बोलतात आणि ‘मी तुला कुठल्या पत्त्यावरून, कुठल्या पोर्टवरून दिसतो?’ असं विचारून घेतात. ही माहिती एकमेकांना कळवली जाते आणि दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेटं सोडतात. दोघांच्याही नॅटमध्ये आतून बाहेर जाणारी नोंद तयार होते, आणि समोरून आलेलं पॅकेट त्या नोंदीत बसतं. काही नॅट दर नव्या समोरच्यासाठी नवा पोर्ट देतात, त्यांच्यापुढे ही युक्ती फसते. मग सगळं बोलणं मधल्या सर्व्हरमार्फत फिरवावं लागतं. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड मोबाईलने स्कॅन केला की कॅमेरे दिसतात, तेही याच तत्त्वावर. डीव्हीआर आपण होऊन उत्पादकाच्या सर्व्हरशी संधान बांधतो आणि ठरावीक वेळाने एखादं पॅकेट सोडून नोंद जिवंत ठेवतो. सुरुवात आतून झाली, म्हणून वाटेतल्या दोन्ही नॅटना काही अडचण नाही. तुम्हाला फक्त मोबाईलवर कॅमेरे बघायचे असतील तर हे पुरतं. त्यात त्या उत्पादकाच्या सर्व्हरवर विसंबावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

उलट काही जुन्या पद्धतींना नॅट मानवतच नाही, कारण त्या पत्ता पॅकेटच्या पोटातही लिहितात आणि नॅट फक्त माथा बदलतं. आयपी फोनवर तुमचा आवाज तिकडे जातो पण तिकडचा इकडे येत नाही, असं झालं तर राऊटरमधलं सिप एएलजी (फोन कॉलच्या पॅकेटच्या पोटातले पत्ते बदलणारी सोय) बंद करून बघा. मदत करायला म्हणून दिलेलं ते कलम बहुतेक राऊटरमध्ये नुसता घोळ घालतं.

सीजीनॅटचे आणखी दोन त्रास सांगतो. तुमच्या पत्त्यावर आणखी साठ घरं असतील आणि त्यातल्या एकाने स्पॅम सोडला तर काळ्या यादीत तो पत्ता जातो, म्हणजे सगळेच जातात. मी माणूस आहे हे सिद्ध करायला दर वेळी चित्रांतले सिग्नल ओळखावे लागतात ते बऱ्याचदा यामुळेच. दुसरा त्रास पोलीस तपासाचा. नुसता आयपी देऊन ग्राहक सापडत नाही. सोबत पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. तुम्ही स्वतःचा सर्व्हर चालवत असाल तर त्याच्या लॉगमध्ये समोरच्याचा पोर्टही लिहून ठेवा, आरएफसी ६३०२ हेच सांगतो. आणि वेळ भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ते स्पष्ट लिहा. साडेपाच तासांच्या फरकाने भलत्याच घराचं दार वाजायचं.

मात्र सगळं खापर नॅटवर फोडू नका. नवरात्रात महाद्वार रोडवर मोबाईल नेट अडकतं ते टॉवरवरच्या गर्दीने.

आता तुम्ही काय करावं. फक्त कॅमेरे बघायचे असतील तर क्यूआर कोडवालं अॅप वापरा. शॉप आणि गोडाऊन एकाच नेटवर्कमध्ये हवे असतील, म्हणजे गोडाऊनचा स्टॉक शॉपच्या सर्व्हरवर वगैरे, तर एका टोकाला सार्वजनिक स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्या. दोन्हीकडे नको, एक पुरतो. ज्या टोकाकडे तो नाही त्याने दुसऱ्या टोकाकडे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी खाजगी बंदिस्त जोडणी, जोडायचं. वायरगार्ड हे व्हीपीएन वापरलंत तर नॅटमागच्या टोकाला कीपअलाइव्ह (नोंद जिवंत ठेवायला ठरावीक वेळाने सोडायचं पॅकेट) २५ सेकंद ठेवा. मघाचा ३० सेकंदांचा आकडा आठवा, म्हणजे २५ का ते कळेल. स्टॅटिक आयपी मिळतच नसेल तर महिन्याच्या भाड्यावर एखादा छोटा क्लाउड सर्व्हर घेऊन दोन्ही टोकं त्याला जोडता येतात. एखाद्या बँकेने किंवा मोठ्या ग्राहक कंपनीने ‘तुमचा आयपी कळवा, आम्ही तेवढ्यालाच प्रवेश देऊ’ असं सांगितलं असेल, तर मात्र स्टॅटिक सार्वजनिक आयपीला पर्याय नाही.

स्टॅटिक आयपी मागताना ‘स्टॅटिक’ आणि ‘पब्लिक’ हे दोन्ही शब्द उच्चारा. नुसतं स्टॅटिक म्हटलं की कधी कधी १०० किंवा १० च्या पट्ट्यातलाच न बदलणारा पत्ता गळ्यात मारला जातो. पैसे देण्याआधी राऊटरच्या वॅनवर दिसणारा पत्ता आणि वेबसाइटवर दिसणारा पत्ता एकच आहे हे बघा.

आणि सार्वजनिक पत्ता मिळाला की लगेच डीव्हीआरचा पोर्ट जगाला उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीतून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून शोधून ताब्यात घेतले. त्यांच्या फौजेने त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीच्या डीएनएसवर (वेबसाइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) हल्ला केला तेव्हा अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या होत्या. व्हीपीएनच्या आतूनच कॅमेरे बघा. राऊटरमधलं यूपीएनपीही बंद ठेवा, नाहीतर आतलं कुठलंही उपकरण तुम्हाला न विचारता टेबलमध्ये स्वतःसाठी नोंद करून घेतं. नॅट आहे म्हणजे सुरक्षा आहे, असं इथे अनेकांना वाटतं. न बोलावलेलं पॅकेट अडतं एवढं खरं. पण ईमेलमधली फाईल तुमच्याच माणसाने उघडली आणि तिने आतून बाहेर कनेक्शन केलं, तर नॅट तिचीही नोंद इमानाने करतं.

राहिला आयपीव्ही६. पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे तुमच्या प्रत्येक उपकरणाला खराखुरा सार्वजनिक पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच उरत नाही. मोबाईल नेटवर्कवर तुम्ही तो आजही वापरत असाल. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये लांबलचक पत्त्याशेजारी १९२.०.०.४ दिसला तर समजा की फोनला फक्त आयपीव्ही६ मिळालाय आणि जुन्या वेबसाइटसाठी फोन आणि कंपनी मिळून भाषांतर करतायत. गोडाऊनच्या कनेक्शनवर तो मिळतो का विचारा. मिळत असेल, डीव्हीआरला तो येत असेल आणि तुमच्या फोनलाही असेल, तर सीजीनॅटला वळसा घालून सरळ पोचता येतं. फक्त राऊटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये बाहेरून येणारं सगळं आधी बंद करा, आणि मग व्हीपीएनचा तेवढा एक पोर्ट उघडा.

गोडाऊनला जाल तेव्हा राऊटरचं वॅनचं पान, फायबरच्या डब्याच्या मागच्या स्टिकरवरचं मॉडेल, आणि बाहेरच्या कुठल्याही पत्त्याचं ट्रेसराऊट (पॅकेट वाटेत कुठून कुठून जातं त्याची यादी), यांचे फोटो काढून पाठवा. ट्रेसराऊटच्या पहिल्या तीन ओळींत नॅट किती आहेत त्याचा बराचसा अंदाज येतो. स्टॅटिक आयपीचे पैसे त्यानंतर भरा.